लष्करी बँड, जुने

हारत अल-तूत, राजधानी
१४ मार्च १९७९

शुक्री,

सलाम. तब्येतीचं नंतर विचारते, आधी मला एक सांग. तुला दम धरवत नव्हता का रे? अर्धा तास थांबला असतास तर तुझ्या दुकानातल्या त्या मिठाईला, कुनाफ्याला, बुरशी येणार होती का?

मंगळवार, सकाळचे अकरा. रेडिओवर राष्ट्राध्यक्षांचं कालव्याच्या उद्घाटनाचं भाषण पुन्हा लावलं होतं. "जोवर या छातीत श्वास आहे, तोवर..." इथपर्यंत आलं आणि टेप तुटली. तुटते टेप. जुनी यंत्रं आहेत, सुटे भाग मिळत नाहीत. मग चौदा मिनिटं कुराणाचं पठण लागलं. आपल्याकडे अवेळी पठण लागलं की वरचा कोणी गेला, हे शेंबडं पोरही सांगतं, कबूल आहे. राजधानीत धडाधड दुकानं बंद झाली. आमच्या गल्लीतल्या बायका ऊर बडवायला लागल्या, नाक्यावरच्या पोलिसाने टोपी काढून छातीशी धरली. फसले सगळेच. पण सगळे रडून फसले, गाढवा! कुनाफ्याची परात चौकात मांडून, वर पिस्ते भुरभुरून, "या, खा, आज सगळ्यांना फुकट!" असं बोंबलायचं साऱ्या देशात एकट्या तुलाच सुचलं.

आणि पंधराव्या मिनिटाला भाषण पुढे सुरू झालं. "...तोवर एक वीतभर जमीनही देणार नाही!" तेव्हा म्हणे तुझ्या चौकात तीसेक माणसं तोंडात घास घेऊन उभी होती. गिळावा की थुंकावा, कोणाला कळेना. हे मला निहादने रडत रडत सांगितलं. तुझी बायको रडतेय आणि मला हसू फुटलं, देव मला क्षमा करो. नंतर मीही रडले.

(ही पत्रं वाचणाऱ्या साहेबांनी गैरसमज करून घेऊ नये. राष्ट्राध्यक्षांना उदंड आयुष्य लाभो. माझा भाऊ मूर्ख आहे, दुष्ट नाही. सातव्या वर्षी तो आमच्या बकरीच्या मयताला सगळ्या गल्लीला बोलवून आला होता. तेव्हाही बकरी जिवंतच होती.)

पठणाची टेप कोणी लावली याची चौकशी चालली आहे. मी त्या वेळी रेडिओच्या कँटीनमध्ये चहा पीत होते, त्यामुळे मला काही ठाऊक नाही. वकील म्हणतो, फार तर सहा महिने. तोंड बंद ठेव, न्यायाधीशासमोर मान खाली घाल. जमेल का?

आठ वर्षं तू माझ्याशी बोललेला नाहीस. आता किल्ल्याच्या तुरुंगात बसून तरी चार ओळी लिही. तिथे तुला दुसरं काय काम आहे?

वजीहा


२९ मार्च १९७९

शुक्री,

पत्र मिळालं. सात ओळी, त्यातल्या चार काळ्या फासलेल्या. उरलेल्या तीन तरी धड लिहायच्यास! पहिली: "तूप छान जमलं होतं म्हणून वाटला कुनाफा." हे तू न्यायाधीशाला सांगणार आहेस? दुसरी: "लोकरीचे मोजे पाठव." तिसरी: "तुझ्या खोट्याच्या कारखान्याला सलाम सांग."

मोजे पाठवलेत. सोबत लोणच्यातली वांगी आहेत, पहारेकऱ्यांनी ठेवली तर खा. आता कारखान्याचं ऐक.

हो, आहे कारखाना. पण मी लागले तेव्हा तो पोस्टामागच्या दोन खोल्यांत होता. एक मायक्रोफोन, एक निवेदक, आणि दुपारी हवामान आणि हरवलेली गाढवं. आमच्या सांगण्यावरून गाढवं सापडायची, शुक्री! माणसं आभार मानायला अंजीर घेऊन यायची. मग एका सकाळी चिलखती गाडी दाराशी आली, निवेदक बदलला आणि देशात क्रांती झाल्याचं आम्हाला आमच्याच रेडिओवरून कळलं. पुढे आणखी दोनदा झाली. दर वेळी गाडी आधी आमच्या दाराशी, मग राजवाड्याकडे. आता सात मजले आहेत, दुसऱ्या मजल्यावर श्रोत्यांची पत्रं येतात. येतात कुठली, तिथेच लिहितात. माझ्या खोलीत नऊ हजार रिळं. टाळ्यांचीच तीन: साध्या, मनापासूनच्या आणि तुफान. तुफान टाळ्या फुटबॉलच्या मैदानावरच्या आहेत, नीट कान दिला तर मधे एकजण पंचाच्या आईचा उद्धार करतो. अकरा वर्षं राष्ट्राध्यक्षांच्या प्रत्येक भाषणाच्या शेवटी तो तो उद्धार करतोय. (साहेब, एवढ्या ओळी काळ्या करा. रागाच्या भरात लिहिल्या गेल्या.)

तर या कारखान्याच्या एका शब्दावर तू सव्वीस वर्षांत विश्वास ठेवला नाहीस. आम्ही ऊन सांगितलं की तू छत्री घेऊन निघायचास. आईसमोर मला म्हणाला होतास, "ताई, तुमच्या रेडिओने मला माझं नाव सांगितलं तर मी आधी दाखला बघेन." आणि विश्वास ठेवलास तो कधी? त्या मंगळवारी! डोकं आपटावंसं वाटतं मला.

निहाद आली होती. चौकातले सगळे तुझ्याविरुद्ध साक्ष देणार आहेत. सगळे! न्हावी अबू दाऊदने तर दोन तुकडे खाल्ले होते. त्याचा जबाब असा आहे की पहिला त्याने न कळत खाल्ला आणि दुसरा पुरावा म्हणून.

तुला आतून काय सलतंय ते मला ठाऊक आहे. अनीसचं. ते पत्रात नको.

वजीहा


१९ एप्रिल १९७९

शुक्री,

आज चिडायचंही त्राण नाही, तरी चिडतेच.

आरोप बदललाय. वकिलाने काल सांगितलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. अवेळी मिठाई वाटल्याचं प्रकरण गेलं, आता कट आहे. त्यांचं म्हणणं, भाषण तोडून पठण लावणं ही खूण होती, तीन वेळा क्रांती याच रेडिओवरून झाली, ही चौथी होती. खूण कळताच तुमच्या कफर लौझ गावात कोणीतरी दहा मिनिटांत परात घेऊन बाहेर पडतो, म्हणजे परात आधीच तयार होती. आणि त्या कोणीतरीची सख्खी बहीण रेडिओत, टेपांच्या खोलीत! वकील म्हणाला, "बाई, कटाला दोरखंडाची शिक्षा आहे." दोरखंड म्हणाला तो, शुक्री. गळ्यातला.

परात तयार होती कारण तू दुकानदार आहेस, अकरा वाजता परात तयारच असते! हे त्या शहाण्यांना कोण सांगणार? मिठाईवाल्याने परात कधी तयार ठेवायची, आपल्या आजीच्या मयताच्या चाळिसाव्याला?

मी संचालकांकडे गेले. उस्ताद रफअत, तू त्यांना आईच्या मयताला पाहिलंयस, ते कडू कॉफीत गुपचूप साखर घालणारे.

म्हटलं, "उस्ताद, माझा भाऊ लटकतोय."

"वजीहा, तुझा जबाब नोंदला गेलाय. तू कँटीनमध्ये होतीस."

"तो जबाब तुम्ही सांगितलात म्हणून मी दिला."

"मग आता मी सांगतो म्हणून तो राहू दे. अज्ञात हाताने टेप बदलली. अज्ञात हात कोणालाच नडत नाही."

"माझ्या भावाला नडतोय ना! अज्ञात हात म्हटला की त्यांना कट दिसतो."

उस्तादांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "खरं सांगितलंस तर तू जाशील, मी जाईन, आणि मंत्रालयातले चार जण जातील. तुझ्या भावाला कदाचित माफीही मिळेल. राष्ट्राध्यक्ष दयाळू आहेत." मग मला चहा दिला. मी प्यायले, बावळटासारखी. त्यांच्या साखरेसकट.

तेव्हा आता एवढं कबूल करते. मी कँटीनमध्ये नव्हते. त्या दिवशी चहाच झाला नव्हता, साखर संपली होती. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं, जबाबातही तेच लिहिलं. मला वाटलं होतं, सहा महिन्यांनी तू सुटशील आणि मी निवृत्त होईन, विषय मिटेल. माझ्या त्या एका सहीने तुझ्या सहा महिन्यांचा दोरखंड झाला.

खटला मेच्या मध्यात आहे. मोजे पोचले का?

वजीहा


६ मे १९७९

शुक्री,

हे पत्र मोठं आहे. सावकाश वाच आणि मधेच फाडू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

टेप मी लावायला दिली. अज्ञात हात हा आहे, ज्याने मी हे लिहितेय.

आता कशी, ते ऐक. आमचा नियम असा आहे की प्रसारणात खंड पडला तर दहा सेकंदांच्या आत लष्करी बँड लावायचा. नेहमीचं बँडचं रीळ त्या सकाळी दुरुस्तीला गेलं होतं. तंत्रज्ञ काचेपलीकडून हात हलवत होता. मी चढले शिडीवर आणि वरच्या फळीवरची पेटी ओढली. चाळीस नंबर. तिच्यावर लिहिलं होतं, "लष्करी बँड, जुने." पहिलं रीळ काढून दिलं. यंत्रावर चढलं, आणि पठण सुरू झालं.

पेटीत बँड नव्हता. ती राष्ट्राध्यक्षांच्या निधनाची पेटी होती. पहिल्या रिळात पठण, दुसऱ्यात शोकसंगीत, तिसऱ्यात निवेदन, फक्त तारीख मोकळी सोडलेली. सहा वर्षांपूर्वी मंत्रालयातून आली. कधी ना कधी लागेलच म्हणून करून ठेवली होती. सगळीकडे करतात म्हणे. पण आपल्याकडे राष्ट्राध्यक्ष मरणारच नाहीत ना! मग त्यांच्या निधनाची पेटी असेल कशी? उस्ताद रफअत म्हणाले, "नोंदवहीत लिहायची नाही. वर काहीतरी दुसरं लिही, जे कोणी मागणार नाही." मी विचार केला, जुने बँड कोण मागतंय? माझ्याच हाताने चिठ्ठी लिहिली, डिंक लावून चिकटवली. आणि सहा वर्षांनी मीच मागितले. दुसऱ्या कुठल्या देशात असं होईल? तिथे पेटीवर "निधन" असं लिहिलेलं असतं, आणि कोणी तिला घाईत हात लावत नाही.

रीळ थांबवायला चौदा मिनिटं का लागली? काचेपलीकडे तंत्रज्ञ मला विचारतोय, "खरंच गेले का?" आणि मी गप्प. तो निवेदकाला विचारतोय, निवेदक संचालकांना, संचालक मंत्रालयाला. मंत्रालयात फोन उचलत नव्हते, कारण तेही रेडिओ ऐकून रडत होते. चुकून लागलंय हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. पण "गेले नाहीत, बंद करा" असं म्हणायचं म्हणजे हे रीळ कशाचं आहे ते मला ठाऊक आहे हे कबूल करणं. जीभच उचलेना माझी. सव्वीस वर्षांत ती सवयच मोडली होती.

म्हणजे खूण नाही, कट नाही, चौथी क्रांती नाही. एक शिडी, एक पेटी आणि एक भित्री बाई. पेटी अजून तिथेच आहे, त्याच फळीवर. मंत्रालयाच्या हस्ताक्षरातली यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे.

आता अनीस. म्हटलं होतं, पत्रात नको. पण एकदा तोंड उघडलंय तर हेही.

सीमेवरच्या लढाईत आम्ही जवानांचे निरोप लावायचो, आधी ध्वनिमुद्रित करून आणलेले. तुला आठवतंय, आई दुपारी रेडिओला कान लावून बसायची. "मी अनीस, कफर लौझचा. आई, मी मजेत आहे. शुक्रीदादाला म्हणावं, परात तयार ठेव." आई दारात जाऊन ओरडली, तू परात भरलीस, सगळ्या चौकाला वाटलीस. चार दिवसांनी शवपेटी आली आपल्या दारात, तीही बंदच. तारीख बघितली तर अनीस जाऊन तेव्हा तेरा दिवस झाले होते. तू मला त्या दिवशी विचारलंस, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, नाही.

माहीत होतं. निरोप लागला त्या सकाळीच मृतांची यादी आली होती. चौथं नाव त्याचं. मी उस्तादांकडे ते रीळ घेऊन गेले, हे काढा म्हणून. ते म्हणाले, "चार नावं काढली तर चारशे आया विचारतील, आमचं का नाही लागलं." मी परत आले आणि रीळ लावायला दिलं. माझ्या हाताने, शुक्री. आणि मग बसून ऐकलं. मला वाटलं, आईला एक चांगली दुपार मिळेल. एवढंच वाटलं. मला क्षमा कर असं मी म्हणत नाही, तू करणारही नाहीस. पण तू त्या मंगळवारी परात का काढलीस ते मला कळतं. तुपाचं मला सांगू नकोस.

आता साहेब, तुमच्याशी बोलते. दोन महिने तुम्ही आम्हा दोघांची पत्रं वाचताय, आता घरच्यासारखेच झालात. तुम्हालाही भाऊबहीण असतीलच. हे पत्र माझ्या भावाला नंतर दिलंत तरी चालेल, आधी वर पाठवा. वकिलाला दिलं असतं तर त्याने ते उस्तादांना दाखवलं असतं. तुमच्याकडून मात्र वर जातंच, ते तुमचं कामच आहे. काळी शाई लावायचीच तर माझ्या शिव्यांना लावा, कबुलीला लावू नका. खाली पूर्ण नाव आणि पत्ता लिहिते. मी घरीच आहे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, तेव्हा दार फोडू नका, घरमालक फार कटकट करतो.

शुक्री, निहादला सांग, माझ्या गच्चीवरच्या तुळशीच्या डब्यांना पाणी घालायला कोणाला तरी पाठव. आणि सुटलास तर कृपा करून महिनाभर काहीही वाटू नकोस.

वजीहा बिन्त सलीम, टेपविभाग,
घर क्रमांक नऊ, हारत अल-तूत


कफर लौझ
१७ सप्टेंबर १९७९

ताई,

तुला कोणी सांगितलं होतं? खरंच, कोणी? उस्ताद म्हणत होते ना माफी मिळेल, मग दम धरवत नव्हता का?

मी गुरुवारी घरी आलो. कटाचा खटला मागे घेतला. उघड न्यायालयात त्या पेटीचं नाव निघायला नको होतं त्यांना. माझ्यावर उरलं "अवेळी मिठाई वाटणे", त्याचे सहा महिने भोगूनच झाले होते. तुला तीन वर्षांची शिक्षा झाली असं निहाद म्हणाली. पेटी जाळली, फळीही काढली म्हणे. उस्ताद रफअत आता हवामान खात्यात आहेत. अबू दाऊद फुकट दाढी करून देतो म्हणून मागे लागलाय. मी दाढी वाढवायची ठरवली आहे.

तुझं मेमधलं पत्र मला सुटताना दिलं. मी ते रस्त्यातच उभं राहून वाचलं. एकही ओळ काळी नव्हती, ताई. शिव्यासुद्धा तशाच. सव्वीस वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली पूर्ण बातमी.

अनीसबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. समोर बसून बोलू. ओरडेन मी, आधीच सांगून ठेवतो.

तुळशी हिरव्या आहेत. निहाद स्वतः जाऊन आली.

शुक्रवारी बायकांच्या तुरुंगात भेटीचा दिवस आहे. परात घेऊन येतोय, पहारेकरणींनाही पुरेल एवढी. या वेळी आधी सगळीकडे विचारून घेतलंय, कोणीही मेलेलं नाही.

शुक्री